नवऱ्यानं मारलं, तर दाद कुठे मागायची? गावाला हे सांगायला निघालेल्या नवख्यांसाठी

‘राजानं छळलं, पावसानं झोडपलं, नवऱ्यानं मारलं, तर दाद कुणाकडे मागायची?’ ही म्हण माझ्या आजीच्या तोंडी कायम असायची. त्यातला राजा गेला. पावसानं झोडपलं तर तलाठी येऊन पंचनामा करतो. नवऱ्यानं मारलं तर दाद मागायची सोयही २००६ पासून कायद्यानं झालेली आहे. फक्त म्हण जितक्या घरांत पोहोचली, तितक्या घरांत त्या सोयीचा पत्ता पोहोचलेला नाही. तो पोहोचवायचं काम तुम्ही हाती घेणार असाल, मग तुम्ही बचत गटाच्या असा, सोसायटीच्या कमिटीवरचे असा, की कॉलेजच्या एनएसएसमधले, तर हे तुमच्यासाठी. मी एका तालुक्याच्या गावी हे बरीच वर्षं करते आहे, आणि पहिली दोन वर्षं चुकीचं करत होते.

चूक अशी, की आम्ही मोठाले फलक लावायचो. ‘स्त्रीवरील अत्याचार थांबवा.’ वाचणाऱ्यानं नेमकं काय करायचं, हे त्यात कुठेच नसायचं. मारणाऱ्याला तो आपल्यासाठी आहे असं वाटत नव्हतं, आणि मार खाणारीला त्यातून काही मिळत नव्हतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी (२०१९–२१) सांगते, की महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चार बायकांमागे एकीनं नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा. देशभरात कुणाकडूनही अशी हिंसा सोसलेल्या शंभरातल्या ७७ जणींनी मदत मागितलीच नाही आणि कुणाजवळ बोलल्याही नाहीत. मदत मागितली ती फक्त १४ जणींनी. त्यांतही बहुतेक गेल्या त्या माहेरच्या माणसांकडे. पोलीस, वकील, डॉक्टर ही मंडळी त्या यादीत फार खाली आहेत. म्हणजे बाई पहिल्यांदा तोंड उघडते ती आई, बहीण, जाऊ, शेजारीण, फार तर आशाताई यांच्यापाशी. आपली खरी गिऱ्हाइकं ही. त्या पहिल्या ऐकणारीला काय बोलावं आणि कुठे पाठवावं हे ठाऊक असेल, तर अर्धं काम झालं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे धरून आहेत.

पायरी १ : कायदा आधी स्वतः समजून घ्या

वकील व्हायची गरज नाही, पण चार गोष्टी पक्क्या हव्यात. कायद्याचं नाव ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’. अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून.

पहिली गोष्ट, हिंसा म्हणजे नुसती मारहाण नव्हे. कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही प्रकार आहेत. पगाराचं एटीएम कार्ड काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन परस्पर विकणं, मूल होत नाही म्हणून उठता-बसता टोमणे मारणं, हे सगळं त्यात येतं. सभेत हे सांगितलं की बायका एकमेकींकडे बघतात. मारहाणीवर त्या गप्प बसतात, पण ‘पैसे देत नाही, हीसुद्धा हिंसा’ म्हटलं की कुजबुज सुरू होते.

दुसरी गोष्ट, हा कायदा फक्त बायकोचा नाही. मुलानं घराबाहेर काढलेली आई, भावानं छळलेली अविवाहित किंवा विधवा बहीण, लग्नाविना एकत्र राहणारी जोडीदारीण, या सगळ्या यात दाद मागू शकतात. आणि २०१६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तक्रार फक्त प्रौढ पुरुषाविरुद्धच करावी लागते असंही राहिलं नाही. छळणारी सासू किंवा नणंद असेल, तर तिच्याविरुद्धही अर्ज होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी माहीत असलेली, आणि माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगाची. ‘मला त्याला तुरुंगात नाही घालायचं हो, फक्त मारणं थांबायला हवं,’ हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकाल. हा कायदा नेमका तिच्यासाठी आहे. न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला की संरक्षणाचा आदेश मिळतो (हिला हात लावायचा नाही, तिच्या कामाच्या जागी जायचं नाही), घरात राहण्याचा आदेश मिळतो, खर्चाचा मिळतो, मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा मिळतो, नुकसानभरपाईचाही मिळतो. तातडीचं असेल तर समोरच्याला न ऐकता अंतरिम आदेशही देता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. सभेत साठ दिवसांचं वचन देऊन मोकळं होऊ नका, नंतर तोंड तुम्हालाच दाखवायचं असतं. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घराबद्दल थोडं जास्त सांगते, कारण बायका अडकतात त्या इथेच. ‘घर सासऱ्यांच्या नावावर आहे, मला काय हक्क?’ ती जिथे संसार करत होती त्या घरात राहण्याचा हक्क तिला आहे, सातबाऱ्यावर किंवा कराराच्या कागदावर तिचं नाव असो वा नसो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. हा फरक सांगायला विसरू नका, नाहीतर उद्या गावभर ‘त्या बाया घरं नावावर करून देतात’ अशी आवई उठेल. आमच्याकडे उठली होती. आणि अर्ज सासरच्याच गावी करावा लागतो असं नाही. ती सध्या माहेरी, मावशीकडे, कुठेही तात्पुरती राहत असेल, तिथल्या न्यायालयातही करता येतो.

चौथी गोष्ट, फौजदारी वाट वेगळी आहे आणि ती बंद झालेली नाही. नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाच्या कलमाला लोक अजून जुन्या दंडसंहितेतल्या आकड्यानं ‘चारशे अठ्ठ्याण्णव’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम ८५ म्हणून आहे. कुठली वाट धरायची की दोन्ही, हे तिनं आणि तिच्या वकिलानं ठरवायचं. आणि वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ‘मी पिवळ्या रेशनकार्डात बसत नाही’ म्हणून मागे राहणाऱ्या शिक्षिका, नर्स मी पाहिल्यात. त्यांनाही मिळतो.

पायरी २ : स्वतः जाऊन पत्ते गोळा करा

इंटरनेटवरून यादी उतरवून छापू नका. आम्ही ते केलं होतं. पाचशे पत्रकं छापली, वाटली, आणि महिन्याभरानं एकीनं सांगितलं की त्यातला एक नंबर कुठल्याशा वर्कशॉपमध्ये लागतो. ती रात्री साडेअकराला मोरीत बसून फोन लावत होती. चूक सर्वस्वी माझी, मी तो नंबर एकदाही फिरवला नव्हता. तेव्हापासून आमचा नियम झाला : कागदावर जाणारा प्रत्येक नंबर तीनदा लावून बघायचा. एकदा कामाच्या दिवशी, एकदा रात्री, एकदा रविवारी. कोण उचलतं, कुठल्या भाषेत बोलतं, किती वेळ थांबायला लावतं, हे वहीत लिहायचं.

पत्ते साधारण असे शोधा. महिला व बाल विकास विभागाचा संरक्षण अधिकारी सर्वांत आधी. हा माणूस घटनेचा ठरावीक नमुन्यातला अहवाल लिहून न्यायालयात पाठवतो, अर्ज भरायला मदत करतो, निवारा आणि वैद्यकीय मदत मिळवून देतो. त्याचं टेबल नेमकं कुठल्या इमारतीत, कुठल्या मजल्यावर आहे ते बघून या. एकाच अधिकाऱ्याकडे इतरही कामं असतात, म्हणून कुठल्या वारी भेटतो तेही विचारा.

मग जिल्ह्याचं ‘सखी’ वन स्टॉप सेंटर. २०१५ पासूनची ही केंद्राची योजना. उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाचेक दिवसांचा तात्पुरता आसरा एका छताखाली मिळावा ही कल्पना. त्याहून लांबच्या मुक्कामासाठी शासनाची निवारागृहं आहेत, पूर्वी त्यांना ‘स्वाधार’ म्हणत, आता ‘शक्ती सदन’. तिथे मुलगा किती वयापर्यंत आईबरोबर राहू शकतो हे आधीच विचारून ठेवा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला बाहेर ठेवावं लागेल म्हटल्यावर दारातून परत फिरलेली आई मी पाहिली आहे.

महाराष्ट्रात एक गोष्ट खास आपली आहे, ती म्हणजे महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात पहिला कक्ष सुरू केला, तो पुढे राज्यभर पसरला. पोलिसांच्या आवारात बसणारे, पण पोलीस नसलेले प्रशिक्षित समाजकार्यकर्ते. बाईला ठाण्याच्या पायरीची भीती वाटते, पण ‘आत गेल्यावर डावीकडच्या खोलीत मॅडम बसतात, त्यांना वर्दी नसते’ एवढं सांगितलं की पाय उचलतो. तुमच्या भागात कक्ष आहे का ते बघा, आणि डावीकडची की उजवीकडची खोली तेही बघा. मी थट्टा करत नाही.

दवाखाना विसरू नका. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं मिळून ‘दिलासा’ केंद्र काढलं, ते याच विचारानं की मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जावो न जावो, टाके घालायला दवाखान्यात येतेच. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात असं केंद्र नसेल, पण ड्रेसिंग करणारी नर्स नक्की आहे. तिला तुमचं कार्ड द्या. आणि बायकांना सांगा, केसपेपरवर ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ असं लिहून घेऊ नका. कुणी, कशानं मारलं ते डॉक्टरला सांगा, लिहून घ्या, कागद जपा. पुढे न्यायालयात तो कागद बोलतो.

पायरी ३ : कागद छोटा करा

ए-फोर पत्रक घरात लपवता येत नाही. व्हिजिटिंग कार्डाएवढा तुकडा पोलक्यात, मोबाइलच्या कव्हरमागे, पोथीत, कुठेही मावतो. आमच्या कार्डाच्या एका बाजूला बाळाच्या लसीकरणाचं वेळापत्रक आहे आणि दुसऱ्या बाजूला, बारीक अक्षरात, हे :

‘घरात त्रास होतोय? बोलायला १८१ (चोवीस तास, मोफत). आत्ता जिवाला धोका असेल तर ११२. मोफत वकिलासाठी १५१००. मुलांसाठी १०९८. तालुक्याचे संरक्षण अधिकारी : अमुक इमारत, पहिला मजला, सोमवार ते शुक्रवार.’

बस्स. हिंसेची व्याख्या नको, रडणाऱ्या बाईचं चित्र नको, पाहुण्यांची नावं तर नकोच. डोळ्याखाली काळंनिळं दाखवणारं चित्र मी मुद्दाम टाळते, कारण ज्या बाईच्या अंगावर वळ नाहीत ती ते बघून म्हणते, ‘माझं एवढं काही नाही.’

कार्ड ठेवायचं कुठे? जिथे बाई एकटी असते तिथे. एसटी स्टँडच्या महिला स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला. ब्यूटी पार्लरच्या आरशाखाली. पिठाच्या गिरणीत, शिवणकाम करणारीच्या मापाच्या वहीशेजारी, अंगणवाडीत. सोनोग्राफी सेंटरमध्ये कपडे बदलायची खोली असते, तिथे नवरा किंवा सासू आत येत नाही. ही जागा मला एका आशाताईनं सुचवली, आणि आजवर तिच्याइतकी चांगली जागा मला सुचलेली नाही.

व्हॉट्सॲपवर जपून. ‘सर्व भगिनींनी हे सेव्ह करा’ असा मेसेज फिरवायला काही लागत नाही, पण जिचा फोन रोज रात्री तपासला जातो तिच्यासाठी तोच संकट होतो. फोन लावून झाला की कॉलची नोंद खोडायची, हे प्रत्येक वेळी सांगा. शेजारणीच्या किंवा किराणावाल्या वहिनींच्या फोनवरून लावलेला बरा.

पायरी ४ : सभा नको, निमित्त शोधा

‘कौटुंबिक हिंसाचार जनजागृती मेळावा’ असं नाव दिलंत की जिला गरज आहे ती येणार नाही. तिला घरून सोडणार कोण? संक्रांतीचं हळदीकुंकू, बचत गटाची मासिक बैठक, अंगणवाडीतला वजनाचा दिवस, शाळेतली पालकसभा, भिशी, नवरात्रातली भोंडल्याची संध्याकाळ. या जागी ती आधीच आलेली असते, आणि उशीर झाला तर कारणही तयार असतं. हळदीकुंकवाला वाण म्हणून आम्ही सुईदोऱ्याची डबी देतो. झाकणाच्या आत कार्ड.

बोलायला उठाल तेव्हा पंधरा मिनिटांच्या वर बोलू नका. ‘कुणाला घरी त्रास आहे, हात वर करा’ असं कधीही, कुठेही म्हणू नका. गावातली घडलेली गोष्ट नाव बदलूनही सांगू नका. तुमच्या गावात ‘एक बाई, नवरा ट्रकवर, दोन मुली’ एवढं सांगितलं की सगळ्यांना घर कळतं. मी सुरुवात नेहमी दुसऱ्या कुणाच्या नावानं करते : ‘उद्या तुमची भाची तुमच्याकडे रडत आली, तर तिला कुठे न्याल?’ मग प्रश्न भाचीच्या नावानं येतात. यायला लागतात तेव्हा थांबत नाहीत.

आणि कार्यक्रम संपला की सतरंज्या गोळा करायला मुद्दाम वेळ लावा. चपला घालता घालता कुणीतरी मागे रेंगाळते. तिच्यासाठीच आपण आलेले असतो.

पायरी ५ : पहिलं वाक्य शिकवा

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. बाई पहिल्यांदा सांगते तेव्हा समोरची जे बोलते, त्यावर ती दुसऱ्यांदा कुणाला सांगेल की नाही हे बरंचसं ठरतं. आणि आपल्याकडे ही वाक्यं तयार असतात, पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेली. ‘भांड्याला भांडं लागतंच.’ ‘दिल्या घरी सुखी राहावं.’ ‘तू काही बोलली असशील.’ ‘पोरांकडे बघ.’ ‘पीत नसला की सोन्यासारखा आहे गं.’ माझ्या आईनं माझ्या मावशीला यातली किमान तीन सांगितली होती. प्रेमानंच.

आम्ही बैठकीत दोघीदोघींच्या जोड्या करतो. एक सांगते, दुसरी ऐकते. नियम असा की ऐकणारीनं पहिली पाच मिनिटं उपाय सांगायचा नाही. बायकांना हे भलतंच जड जातं, आणि हसूही फुटतं. मग फळ्यावर लिहितो, काय म्हणता येईल : ‘बरं झालं सांगितलंस.’ ‘तुझी चूक नाही.’ ‘आज रात्री घरी जायला सुरक्षित वाटतंय का?’ ‘तुला काय व्हावंसं वाटतं?’ आणि मग, घाई न करता, ‘एका नंबरवर बोलून बघायचं का, मी शेजारी बसते.’ ‘सोडून दे त्याला’ हे वाक्य फळ्यावर नाही. ते बोलायला सोपं असतं, कारण दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक, शाळेची फी आणि भाडं बोलणाऱ्याला भरायचं नसतं. शिवाय बाई घर सोडते किंवा सोडणार असं त्याला कळतं, तो काळ सर्वांत धोक्याचा असतो. तेव्हा कुणाच्या तरी जोशात येऊन तिनं तसं पाऊल उचलू नये.

ती परत गेली तर? जाते. अनेकदा जाते. तेव्हा ‘एवढं केलं आणि ही गेली परत’ म्हणून तोंड फिरवू नका. दार उघडं आहे एवढं तिला कळत राहायला हवं.

माहेरच्यांसाठी वेगळी बैठक घेता आली तर उत्तम. लग्न ठरलेल्या मुलींच्या आयांना मी एकच विनंती करते : मुलीला निरोप देताना ‘काही झालं तरी ये, तुझी खोली आहे’ हे शब्द उच्चारून सांगा. मनात असून उपयोग नाही.

पायरी ६ : शेजाऱ्यांचं काय

भिंतीपलीकडून आवाज येतो, आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. २००८ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ संस्थेनं ‘बेल बजाओ’ मोहीम केली होती, त्यातली कल्पना साधी होती : आवाज आला की जाऊन दाराची बेल वाजवा, वाटीभर साखर मागा. मारणारा हात तेवढा वेळ थांबतो. हे अजूनही चालतं. मात्र एकट्यानं जाऊ नका, आत घुसू नका, त्याच्याशी हुज्जत घालू नका. हत्यार असेल, आरडाओरडा वाढला असेल, तर सरळ ११२.

‘आपण कशाला कोर्टाच्या फेऱ्यात पडा’ ही भीती खरी असते. तिला उत्तर कायद्यातच आहे. कलम ४ नुसार कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे वाक्य सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावण्याजोगं आहे. वॉचमनलाही वाचून दाखवा, रात्री पहिलं त्यालाच ऐकू येतं.

पायरी ७ : पुरुषांशी बोला, पण कुणी?

१९९१ मध्ये मुंबईतल्या एका पत्रकारानं वर्तमानपत्रातून आवाहन केलं होतं, बायकांना मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत. दोनशेवर पुरुषांनी उत्तर दिलं. त्यातून १९९३ मध्ये ‘मावा’, म्हणजे मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज ही संघटना उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी ती चालवत आले, ‘पुरुष स्पंदनं’ हा त्यांचा दिवाळी अंक अनेकांनी वाचलाही असेल. तीस वर्षांपूर्वी पोस्टानं पत्रं पाठवणारे दोनशे निघाले, तर तुमच्या गावात चार निघतील.

त्यांनाच बोलायला लावा. तालमीत, कबड्डीच्या मैदानावर, गणपती मंडळाच्या वर्गणीच्या बैठकीत बाई जाऊन भाषण करून काही होत नाही, मी करून पाहिलं आहे. मंडळाचा माजी अध्यक्ष बोलला की ऐकतात. त्याला एवढंच सांगा की ‘आपल्या आया-बहिणींचं रक्षण’ या सुरात जाऊ नकोस. आया-बहिणींना मारणारेही त्या घोषणेला टाळ्या वाजवतात.

पायरी ८ : ग्रामसभा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ग्रामसभेत ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. गावच्या ठरावात ताकद असते, ती वापरा. मागायचं ते ठोस मागा : ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नंबर रंगवणं, घंटागाडीवरून आठवड्याला एकदा घोषणा, एका खोलीत महिन्यातून एक दिवस समुपदेशकाला बसायला जागा. कायद्याच्या कलम ११ नुसार या कायद्याची प्रसिद्धी करणं सरकारचं कर्तव्यच आहे, तेव्हा उपकार मागतोय असा चेहरा नको.

एक इशारा. गावात तंटामुक्ती समिती असेल, तर तिचा कल मिटवामिटवीकडे असतो. बांधाच्या भांडणात ते चांगलं. पण चार वडीलधारी बसवून, दोघांना चहा पाजून, ‘यापुढे मारणार नाही’ असं कागदावर लिहून घेऊन बाईला परत पाठवलं, तर त्या कागदाचा राग तिच्यावरच निघतो. समितीतल्या लोकांना हे एकेकटं गाठून सांगा. चारचौघांत सांगितलंत तर इरेला पेटतील.

पायरी ९ : कुणी खरंच दारात आलं तर

काम नीट केलंत तर येईल, आणि तुम्ही समुपदेशक नाही हे लक्षात ठेवा. ऐका. जखम असेल तर दवाखाना. धोका असेल तर ११२. नाहीतर संरक्षण अधिकारी किंवा सखी केंद्र, आणि सोबत जा. तिला स्वतःच्या घरी ठेवून घेण्याचा मोह होतो. एखादी रात्र ठीक, पण तुमचं घर कुणाला ठाऊक नाही असं थोडंच आहे? नवऱ्याला फोन करून ‘समजावू’ तर मुळीच नका.

ती आज परत जाणार असेल, तरी एक पिशवी तयार करता येते, आणि ती तिच्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवायची : आधार, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, मुलांचे जन्मदाखले, बँक पासबुक, दवाखान्याचे कागद, थोडी रोकड, औषधं, घराची जादा किल्ली. मूळ कागद हलवणं धोक्याचं असेल तर झेरॉक्स किंवा फोटो. मुलांना ११२ लावायला आणि कुठल्या काकूंच्या घरी पळायचं ते शिकवून ठेवायचं.

तिचं नाव, गाव, गोष्ट तुमच्यापाशीच. कार्यक्रमाच्या अहवालात नाही, फेसबुकवर नाही, घरी नवऱ्यापाशीही नाही. काम दाखवण्यासाठी फोटो लागतात, मला माहीत आहे. मोकळ्या खुर्च्यांचा काढा.

पायरी १० : वर्षाचं वेळापत्रक

२५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हा स्त्रियांवरील हिंसेविरोधातला जागतिक पंधरवडा. त्या दिवसांत अधिकारी बोलवले तर येतात, ८ मार्चला त्यांना सतरा निमंत्रणं असतात. ग्रामसभेतला ठराव २६ जानेवारीसाठी ठेवा. हळदीकुंकू जानेवारीतच.

किती लोक आले हे मोजू नका. स्वच्छतागृहातली किती कार्डं गेली ते मोजा. आम्ही दाराच्या आत पंचवीसची चवड ठेवतो आणि पंधरा दिवसांनी बघतो. एसटी स्टँडवर संपलेली असते, पार्लरमध्ये निम्मी, आणि एका मंगल कार्यालयात वर्षभरात तीन गेली. त्या तीन कुणी नेल्या असतील, याचा मी अधूनमधून विचार करते.

मे महिन्यात बदल्या होतात. अधिकारी बदलतात, टेबलं हलतात, फोन बंद होतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात वही काढायची आणि कार्डावरचे सगळे नंबर पुन्हा लावायचे. एक दिवसा, एक रात्री, एक रविवारी.